सॅम्युएल कोल्ट

सॅम्युएल कोल्ट (जन्म : १९ जुलै १८१४, हार्टफर्ड, कनेटिकट, मृत्यू : १० जानेवारी १८६२, हार्टफर्ड) हे अमेरिकन शस्त्रसंशोधक व कारखानदार होते. फिरत्या सिलिंडरचे, एकदा भरल्यावर पाच-सहा वेळा झाडता येणारे पिस्तूल म्हणजेच रिव्हॉल्व्हर त्यांनी व्यवहार्य केले आणि यंत्रांच्या साहाय्याने मोठ्या संख्येने बनवून जगभर विकले. रिव्हॉल्व्हरची मूळ कल्पना त्यांची नव्हती. घोडा चढवताच सिलिंडर आपोआप पुढच्या कप्प्यावर फिरावा आणि बार उडेपर्यंत तेथेच पक्का अडकून राहावा, ही यांत्रिक जुळणी मात्र त्यांची होती आणि तिच्यावरच त्यांचे एकस्व (पेटंट) उभे होते. त्यांची पहिली कंपनी बुडाली. तरीही तिने बनवलेली थोडीशी पिस्तुले टेक्सासमध्ये हातोहाती फिरत राहिली आणि त्या वापरलेल्या पिस्तुलांच्या लौकिकावरच कोल्ट यांचा दुसरा उद्योग उभा राहिला. जुन्या पिस्तुलांच्या व्यापारात कोल्ट हे नाव आजही किमतीचा एक स्वतंत्र घटक मानले जाते.

== बालपण ==

कोल्ट यांचे वडील ख्रिस्तोफर कोल्ट हे हार्टफर्डमधील व्यापारी होते. आई सेरा कॉल्डवेल यांच्या वडिलांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात अधिकारी म्हणून काम केले होते. सॅम्युएल लहान असतानाच आई क्षयाने वारली. घरची स्थिती खालावल्यामुळे अकराव्या वर्षी त्यांना ग्लास्टनबरी येथील एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवण्यात आले. पुढे मॅसॅच्युसेट्समधील वेअर या गावी वडिलांच्या कापड कारखान्यात ते काम करू लागले. तेथील रसायने आणि हत्यारे हाताळताना स्फोटकांची गोडी लागली. १८२९ च्या ४ जुलैला त्यांनी गावच्या तळ्यात तराफा उडवून दाखवण्याचा जाहीर प्रयोग केला. त्यानंतर अ‍ॅमहर्स्ट येथील शाळेत धाडले असता तेथेही दारूकामाचे उद्योग अंगाशी आले आणि शिक्षण तेथेच थांबले.

== कोलकात्याचा प्रवास आणि लाकडी नमुना ==

मुलाला वळण लागावे म्हणून वडिलांनी १८३० मध्ये त्यांना ‘कॉर्व्हो’ या जहाजावर खलाशी म्हणून पाठवले. हे जहाज बोस्टनहून कोलकात्याला जात होते. या सफरीत त्यांनी फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. जहाजाचे सुकाणूचे चाक फिरवले की त्याचा प्रत्येक आरा ठरावीक जागी येऊन अडकवता येतो, हे पाहून आपल्याला कल्पना सुचली, असे ते पुढे सांगत. ही हकीकत त्यांच्या चरित्रांत कायमची जाऊन बसली आहे. मात्र बोस्टनच्या एलिशा कॉलियर यांनी १८१८ च्या सुमारासच हाताने फिरवायच्या सिलिंडरची चकमकीची बंदूक तयार केली होती आणि ती भारतातील ब्रिटिश सैन्यापर्यंत पोहोचलीही होती. तशी एखादी बंदूक कोल्ट यांच्या दृष्टीस पडली असावी असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे. स्वतःच्या मालाभोवती आकर्षक कथा गुंफण्याची हातोटी कोल्ट यांना जन्मभर होती, हे लक्षात घेता सुकाणूची कथा थोडी राखूनच स्वीकारलेली बरी.

परतल्यावर प्रत्यक्ष नमुने घडवून घेण्यासाठी पैसा हवा होता. कोल्ट यांनी आपल्या आडनावाचे वर्णलेखन थोडे बदलले, ‘डॉक्टर’ ही उपाधी लावली, न्यूयॉर्क, लंडन व कोलकाता या तिन्ही शहरांचा लौकिक स्वतःला चिकटवला आणि गावोगाव हसवणाऱ्या वायूचे (नायट्रस ऑक्साइड) प्रयोग करून तिकिटे विकली. या मिळकतीतून त्यांनी प्रथम हार्टफर्डचे अ‍ॅन्सन चेस आणि नंतर बॉल्टिमोरचे जॉन पिअर्सन या बंदूक कारागिरांकडून नमुने बनवून घेतले.

== पॅटरसनचा कारखाना ==

कोल्ट यांना १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत एकस्व मिळाले. त्याच वर्षी न्यू जर्सीतील पॅटरसन येथे ‘पेटंट आर्म्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. भांडवल नातेवाइकांचे व त्यांच्या ओळखीच्या गुंतवणूकदारांचे होते. चुलतभाऊ डडली सेल्डन यांच्याकडे हिशेब होते. अधिकाऱ्यांना मेजवान्या देणे, पिस्तुले भेट देणे अशा कोल्ट यांच्या खर्चावरून दोघांत सतत खटके उडत.

येथे तयार झालेले पिस्तूल पाच बारांचे होते. चाप घडीचा होता आणि घोडा चढवल्यावरच तो खाली उतरे. आरंभीच्या पिस्तुलात दारू व गोळी भरण्यासाठी नळी उतरवून सिलिंडर बाहेर काढावा लागे, म्हणून घोडेस्वार जवळ जास्तीचे भरलेले सिलिंडर बाळगत. यंत्रणा नाजूक होती आणि सुटे भाग बारीक होते. साध्या एकबारी पिस्तुलाच्या मानाने किंमत बरीच जास्त होती. १८३७ मध्ये सैन्याने घेतलेल्या चाचणीत हे शस्त्र सैनिकांच्या हाती देण्यास योग्य नाही असा निर्णय झाला. त्याच वर्षीच्या आर्थिक मंदीने खाजगी ग्राहकही दुरावले. फ्लोरिडातील सेमिनोल लोकांविरुद्धच्या युद्धासाठी १८३८ मध्ये सैन्याने ५० फिरत्या रायफली घेतल्या, पण परतीच्या वाटेवर कोल्ट यांची होडी उलटली आणि मिळालेला मोबदला पाण्यात गेला.

१८४२ मध्ये कंपनी बंद पडली. तोपर्यंत तिने तीन हजारांहून कमी पिस्तुले बनवली होती. यंत्रे व शिल्लक माल निकालात काढण्यात आला. कंपनीचे एक धनको जॉन एहलर्स यांनी अर्धवट तयार पिस्तुले व सुटे भाग ताब्यात घेतले आणि ती जुळवून काही काळ विकली. आज संग्राहक या पिस्तुलांना एहलर्स यांच्याच नावाने ओळखतात. त्या वेळी तो मोडीत निघालेल्या कारखान्याचा उरलासुरला माल होता.

== टेक्सासमधील जुनी पिस्तुले ==

कंपनीने केलेल्या मोजक्या मोठ्या विक्रींपैकी एक टेक्सासच्या तत्कालीन प्रजासत्ताकाला झाली होती. १८३९ मध्ये टेक्सासच्या आरमारासाठी १८० मोठी पिस्तुले घेण्यात आली. आरमाराला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. ते मोडकळीस आल्यावर ही वापरलेली पिस्तुले टेक्सास रेंजर या घोडेस्वार दलाकडे देण्यात आली.

कोल्ट यांच्या साऱ्या कारकिर्दीत या हस्तांतरणाइतकी निर्णायक घटना दुसरी नाही आणि तिच्यात त्यांचा स्वतःचा हात मुळीच नव्हता. तोवर ठासणीची बंदूक एकदा झाडली की स्वार उतरून ती पुन्हा भरेपर्यंत कोमांची योद्धे अनेक बाण सोडू शकत. रिव्हॉल्व्हर हाती आल्यावर रेंजर घोड्यावरूनच, अगदी जवळ जाऊन, लागोपाठ बार काढू लागले. जून १८४४ मध्ये वॉकर्स क्रीक येथील चकमकीत जॅक हेज यांच्या पंधराएक रेंजरांनी संख्येने कितीतरी पट मोठ्या कोमांची तुकडीला या पिस्तुलांच्या बळावर मागे रेटले. कोमांचींच्या बाजूने पाहिले तर ही त्यांची भूमी हातची जाण्याच्या प्रक्रियेतील एक पायरी होती. कोल्ट पिस्तुलाच्या कीर्तीचा पाया अशा लढायांत घातला गेला, हे त्याच्या गौरवकथांत बहुधा सांगितले जात नाही.

सैन्याच्या चाचणीने नापसंत केलेले पिस्तूल सरहद्दीवर असे नावाजले गेले. ते बनवणारा कारखाना मात्र आता नव्हता. नवे मिळण्याची सोय नसल्यामुळे टेक्सासमध्ये ज्याच्याकडे जुने पिस्तूल होते तो ते जपून ठेवी. विकायला निघालेच तर त्याला चढा भाव येई.

कोल्ट स्वतः या काळात दुसऱ्याच कामात गुंतले होते. विजेने पेटवायचे पाण्याखालचे सुरुंग त्यांनी तयार केले आणि १८४४ मध्ये पोटोमॅक नदीत काँग्रेसच्या सदस्यांसमोर एक चालते जहाज उडवून दाखवले. सरकारने ते घेतले नाहीत. तारायंत्राचे जनक सॅम्युएल मोर्स यांच्याशी त्यांचा याच सुमारास परिचय झाला आणि पाण्याखालून न्यायच्या जलरोधक तारेवर त्यांनी काम केले. याच वर्षांत त्यांचे भाऊ जॉन कोल्ट यांना एका मुद्रकाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. नोव्हेंबर १८४२ मध्ये शिक्षेच्या दिवशीच जॉन कोठडीत मृतावस्थेत आढळले.

== वॉकर रिव्हॉल्व्हर ==

१८४६ मध्ये अमेरिका व मेक्सिको यांच्यात युद्ध सुरू झाले. रेंजर दलातील अनेक जण सैन्यात दाखल झाले आणि त्यांनी कोल्ट पिस्तुलांची मागणी लावून धरली. त्यांपैकी कॅप्टन सॅम्युएल हॅमिल्टन वॉकर यांच्याशी कोल्ट यांनी पत्रव्यवहार सुरू केला. वॉकर यांनी जुन्या पिस्तुलाचा अनुभव कळवला आणि सुधारणाही सुचवल्या. पिस्तूल मोठे व भक्कम असावे, गोळी जड असावी, बार सहा असावेत, चाप उघडा व स्थिर असावा आणि त्याला कडे असावे, अशा या सूचना होत्या. जानेवारी १८४७ मध्ये सरकारने १,००० रिव्हॉल्व्हरे मागवली.

कोल्ट यांच्याकडे कारखाना नव्हता. नमुना म्हणून दाखवायला स्वतःचे जुने पिस्तूलही उरले नव्हते आणि ते मिळवण्यासाठी त्यांना वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली, असे सांगितले जाते. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, त्या काळी ही पिस्तुले किती दुर्मिळ झाली होती हे तिच्यावरून कळते. शेवटी काम कनेटिकटमधील व्हिटनीव्हिल येथे एली व्हिटनी (धाकटे) यांच्या कारखान्यात पार पडले. तयार झालेले रिव्हॉल्व्हर .४४ व्यासाचे, नऊ इंच नळीचे आणि साडेचार पौंडांहून अधिक वजनाचे होते. ते कमरेला लावण्याऐवजी घोड्याच्या खोगिराला अडकवले जाई. सैन्यासाठी १,००० आणि खाजगी विक्रीसाठी व भेटीसाठी १०० अशी एकूण १,१०० वॉकर रिव्हॉल्व्हरे तयार झाली. वॉकर यांना पाठवलेली जोडी हाती पडल्यावर थोड्याच दिवसांत, ९ ऑक्टोबर १८४७ रोजी, वामांतला येथील लढाईत ते मारले गेले.

या शस्त्रात उणिवा होत्या. सिलिंडरच्या कप्प्यात दारू फार मावत असे आणि त्या काळचे लोखंड तेवढा दाब नेहमी सोसत नसे. त्यामुळे बरेच सिलिंडर फुटले. बाराच्या धक्क्याने दट्ट्याचा दांडा खाली येऊन सिलिंडर अडकवून टाकी आणि स्वार तो कातडी वादीने नळीला बांधून ठेवत. पुढच्या वर्षी आलेल्या ‘ड्रॅगून’ या प्रकारात कप्पे आखूड केले गेले व दांड्याला खटका बसवला गेला. युद्धातील वापर आणि फुटलेले सिलिंडर यांमुळे वॉकर रिव्हॉल्व्हरे फार थोडी टिकली. हेच पुढे त्यांच्या किमतीचे एक मोठे कारण ठरले.

== हार्टफर्ड : माल आणि नाव ==

१८४७ च्या अखेरीपासून कोल्ट यांनी हार्टफर्डमध्ये स्वतःचे उत्पादन सुरू केले. पहिल्या कंपनीत गुंतवणूकदारांनी आपल्याला बाजूला सारले असे त्यांना वाटत असे. म्हणून या वेळी त्यांनी मालकी शक्यतो स्वतःच्या हाती ठेवली. यंत्रज्ञ एलिशा रूट यांना मोठा पगार देऊन आणले. रूट यांच्या यंत्रांमुळे सुटे भाग जवळजवळ एकसारखे निघू लागले, तरी शेवटची जुळणी कानशीने हातानेच करावी लागे. १८५५ मध्ये कनेटिकट नदीच्या पूरक्षेत्रात बांध घालून निळ्या घुमटाचा विशाल कारखाना उभा राहिला आणि भोवती कामगारांची वसाहत वसली.

१८४९ चे खिशातले रिव्हॉल्व्हर तीन लाखांहून अधिक आणि १८५१ चे ‘नेव्ही’ दोन लाखांहून अधिक संख्येने बनले. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी धावलेल्यांनी या मालाला पहिली मोठी खाजगी बाजारपेठ दिली. तेथे माल पोहोचायला महिनोन्महिने लागत आणि वापरलेले कोल्टसुद्धा हार्टफर्डच्या नव्या मालाच्या कित्येक पट किमतीला जात असे.

कोल्ट यांनी नावाची राखण मालाइतक्याच काळजीने केली. हार्टफर्डमध्ये बनलेल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांच्या नळीवर पत्ता मात्र न्यूयॉर्कचा कोरला जाई, कारण परगावच्या ग्राहकावर त्या शहराची छाप पडे. नोटांच्या छपाईसाठी ठसे कोरणारे वॉटरमन ऑर्म्सबी यांच्याकडून त्यांनी सिलिंडरवर उमटवायची चित्रे करून घेतली. ड्रॅगूनवर रेंजर व कोमांची यांची लढाई, नेव्हीवर टेक्सास व मेक्सिकोच्या आरमारांची लढाई आणि खिशातल्या रिव्हॉल्व्हरवर घोडागाडीवरील दरोडा अशी ही चित्रे होती. शोभेबरोबरच नकली माल ओळखता यावा हाही त्यांचा हेतू होता. चांगली नक्षी सहज उतरवता येत नाही, हा नोटांचा न्याय त्यांनी पिस्तुलाला लावला. ही नक्षी फार उथळ असते आणि म्यानात घासून ती लवकर पुसट होते. म्हणून आज जुन्या कोल्टची पारख करताना सिलिंडरवरचे चित्र किती शिल्लक आहे हे आधी पाहिले जाते.

नक्कल करणाऱ्यांविरुद्ध ते न्यायालयातही गेले. १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीविरुद्धचा खटला त्यांनी जिंकला आणि त्यामुळे एकस्व संपेपर्यंत अमेरिकेत त्यांना खरा प्रतिस्पर्धी उरला नाही. युरोपात तसे जमले नाही. बेल्जियममधील लिएज हे शहर स्वस्त शस्त्रांचे मोठे केंद्र होते. तेथील काही कारागिरांना कोल्ट यांनी शुल्क घेऊन परवाने दिले, पण परवान्याविना बनवणारे त्यांहून अधिक निघाले. हा बेल्जियन माल पूर्वेकडील बाजारांतही पसरला आणि आजही तो अस्सल कोल्ट म्हणून विकण्याचे प्रयत्न होतात.

भेटवस्तू हे कोल्ट यांचे आवडते साधन होते. रशियाचा झार पहिला निकोलस आणि तुर्कस्तानचा सुलतान अब्दुलमजीद यांना त्यांनी सोन्याची जडणघडण केलेली रिव्हॉल्व्हरे दिली. चित्रकार जॉर्ज कॅटलिन यांच्याकडून त्यांनी शिकारीची व प्रवासाची चित्रे काढून घेतली आणि प्रत्येकात कोल्टचे शस्त्र दिसेल असे पाहिले. देणगी आणि लाच यांतील सीमारेषा त्यांनी नेहमी पाळली असे म्हणता येत नाही. एकस्वाची मुदत आणखी वाढवून मिळावी म्हणून काँग्रेसच्या सदस्यांना पिस्तुले वाटल्याच्या आरोपांची १८५४ मध्ये चौकशी झाली आणि मुदतवाढ मिळाली नाही.

== लंडन आणि १८५७ चा उठाव ==

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात कोल्ट यांनी आपली रिव्हॉल्व्हरे मांडली. १८५३ मध्ये त्यांनी थेम्सकाठी पिम्लिको येथे कारखाना उघडला. क्रिमियन युद्धामुळे ब्रिटिश सरकारने हजारो ‘नेव्ही’ घेतली, पण युद्ध संपताच मागणी आटली आणि काही वर्षांतच कारखाना बंद झाला. येथे बनलेल्या मालावर लंडनचा पत्ता असल्याने तो संग्राहकांत वेगळा गणला जातो.

इंग्लंडमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी रॉबर्ट अ‍ॅडम्स होते. अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा चाप ओढल्यानेच चढे आणि गोळी जड असे. कोल्टचा नेम चांगला आणि बांधणी मजबूत, तर जवळच्या झटापटीत अ‍ॅडम्स उपयोगी, असा वाद ब्रिटिश अधिकाऱ्यांत चाले. १८५७ च्या उठावाने या वादाला धार आली. नेमबाजीचा अभिमान बाळगणाऱ्या एका अधिकाऱ्याने अंगावर येणाऱ्या शिपायाला कोल्टच्या सर्व गोळ्या मारल्या, तरी त्या शिपायाने जवळ येऊन त्याला ठार केले, ही हकीकत पुढे अनेक दशके ब्रिटिश सैन्यात सांगितली जात होती. टेक्सासमध्ये लढाईच्या कहाण्यांनी कोल्टची किंमत वाढवली, तशी भारतातील या कहाणीने ब्रिटिश ग्राहकांत ती कमी केली.

== अखेरची वर्षे ==

१८५६ मध्ये कोल्ट यांचा विवाह एलिझाबेथ जार्व्हिस यांच्याशी झाला. हार्टफर्डमध्ये कारखान्याजवळच ‘आर्म्समीअर’ हा त्यांचा वाडा उभा राहिला.

व्यवसायातील त्यांची मोठी चूक याच सुमाराची मानली जाते. रॉलिन व्हाइट यांनी मागून आरपार छेदलेल्या, धातूचे काडतूस घेणाऱ्या सिलिंडरचे एकस्व घेतले होते. कोल्ट यांनी त्यात रस घेतला नाही. स्मिथ आणि वेसन यांनी ते हक्क मिळवून १८५७ मध्ये काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्यामुळे १८६९ पर्यंत कोल्ट कंपनीला ठासणीच्या मालावरच राहावे लागले.

यादवी युद्धापूर्वी कोल्ट यांनी उत्तर व दक्षिण दोन्हीकडे शस्त्रे विकली. दक्षिणेकडील राज्ये फुटून निघत असतानाही, एप्रिल १८६१ पर्यंत, त्यांचा माल तिकडे जात होता आणि त्याबद्दल उत्तरेकडील वृत्तपत्रांनी त्यांच्यावर कडक टीका केली. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी उत्तरेच्या बाजूने स्वतःची पलटण उभारण्याचा प्रयत्न केला, पण ती रणांगणावर गेली नाही. संधिवाताच्या जुन्या विकारातून १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या संपत्तीचा अंदाज सुमारे दीड कोटी डॉलर केला जातो.

फेब्रुवारी १८६४ मध्ये कारखान्याचा जुना भाग आगीत भस्मसात झाला. एलिझाबेथ यांनी तो पुन्हा बांधला आणि १९०१ पर्यंत कंपनीची मालकी सांभाळली.

== कोल्ट रिव्हॉल्व्हरांचा जुना बाजार ==

युद्धाच्या आरंभी सरकार कोल्टचे ‘आर्मी’ रिव्हॉल्व्हर २५ डॉलरला घेत होते. रेमिंग्टनचे त्याहून बरेच स्वस्त मिळत असल्याने ही किंमत फार आहे अशी ओरड झाली आणि कंपनीला ती पुढे उतरवावी लागली. १८६५ मध्ये सैनिकांना घरी सोडताना आपापली शस्त्रे विकत घेण्याची मुभा देण्यात आली, तेव्हा रिव्हॉल्व्हरला सरसकट ८ डॉलर आकारले गेले. कोल्ट असो वा अन्य कोणाचे, दर एकच होता. अशा रीतीने हजारो वापरलेली कोल्ट अल्प किमतीत नागरिकांच्या हाती गेली आणि पश्चिमेकडे सरकली. काडतुसे रूढ झाल्यावर ठासणीच्या मालाचा भाव आणखी पडला. १८७० नंतर कंपनीने, तसेच गावोगावच्या कारागिरांनी, जुनी रिव्हॉल्व्हरे काडतुसांसाठी बदलून दिली. नवे घेण्याची ऐपत नसलेल्यांना हा मार्ग परवडे. १८७३ च्या ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ या नव्या प्रकाराने तो जुना माल बाजूला सारला.

पुढे किंमत शस्त्राच्या उपयोगावरून न ठरता त्याच्या मागच्या कथेवरून ठरू लागली. पश्चिमेतील नामांकित बंदूकबाज बॅट मास्टरसन उतारवयात न्यूयॉर्कला वृत्तपत्रात काम करत. आपले पिस्तूल विकत मागणाऱ्यांना ते गहाणवटीच्या दुकानातून आणलेले जुने कोल्ट, मुठीवर खाचा पाडून, देत असत अशी आख्यायिका आहे. २०२१ मध्ये बिली द किडला ज्याने मारले गेले ते शेरीफ पॅट गॅरेट यांचे ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ लिलावात साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्याच प्रकारचे, पण कोणतीही ओळख नसलेले रिव्हॉल्व्हर याच्या अगदी अल्पांशाने मिळते.

कोल्ट यांच्या हयातीतील मालात सर्वाधिक मोल पहिल्या दोन प्रकारांना आहे. पॅटरसनचे एक पिस्तूल २०११ मध्ये ९,७७,५०० डॉलरला विकले गेले. पेटीसह टिकून राहिलेले एक वॉकर रिव्हॉल्व्हर २०१८ मध्ये १८.४ लाख डॉलरला गेले. १८३७ च्या चाचणीत नापास झालेले पिस्तूल आणि सिलिंडर फुटण्याबद्दल बदनाम असलेले रिव्हॉल्व्हर, ही दोन्ही शस्त्रे म्हणून त्यांच्या नंतरच्या मालापेक्षा निकृष्टच होती. लाखोंनी बनलेले १८४९ चे खिशातले रिव्हॉल्व्हर अधिक विश्वासार्ह असूनही ते आज सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहे.

पारख करताना मूळ निळसर झळाळी किती उरली आहे, लाकडी मूठ बदललेली आहे का आणि चौकट, नळी, सिलिंडर, चापाचे कडे व पाचर यांवरील अनुक्रमांक जुळतात का, हे पाहिले जाते. एक भाग जरी दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचा निघाला तरी भाव मोठ्या प्रमाणात उतरतो. घासूनपुसून चकचकीत केलेल्या नगापेक्षा काळवंडलेला पण न छेडलेला नग अधिक किमतीचा ठरतो, हे नवख्या ग्राहकाला पटायला वेळ लागतो. १९५० च्या दशकापासून इटलीत या जुन्या प्रकारांच्या हुबेहूब प्रतिकृती बनतात. त्या उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात, पण ठसे पुसून आणि गंज चढवून त्यांतल्या काही अस्सल म्हणून खपवल्या गेल्या आहेत. आगीमुळे सुरुवातीच्या काळातील बरीच कागदपत्रे उपलब्ध नसल्याने अशा नगांचा निर्णय अनेकदा केवळ तज्ज्ञांच्या नजरेवर सोडावा लागतो.

कोल्ट यांचा स्वतःचा शस्त्रसंग्रह मात्र बाजारात आला नाही. एलिझाबेथ यांचे १९०५ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छापत्रानुसार तो हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयाकडे गेला.